शाळेचा निरोप घरोघर पोचवणारा माणूस: ओळखायचा कसा आणि त्याचा सत्कार करायचा कसा?



मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता एक वाक्य टाकून गेलो होतो. "तुमच्या गावातला सगळ्यात चांगला मार्केटिंगवाला कदाचित जिल्हा परिषदेच्या शाळेत सापडेल." त्यानंतर राहुरीच्या बॅचमधल्या दोघा-तिघांनी विचारलं, सर, शाळेत कुठला आला मार्केटिंगवाला? प्रश्न बरोबर आहे. व्हिडिओत तेवढा वेळ नव्हता, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. या लेखातून तुम्हाला दोन गोष्टी मिळतील. लोकांशी नीट बोलणारा, निरोप नीट पोचवणारा माणूस ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर त्याचा सन्मान कसा करायचा. उद्या तुम्ही दुकानात पोरगा कामाला ठेवाल, डिलिव्हरीला माणूस ठेवाल, तेव्हा हेच कामाला येतं.

आधी धंद्याच्या नजरेनं शाळेकडे बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण मोफत. पुस्तकं मोफत. गणवेश मोफत. दुपारचं जेवण मोफत. आणि शाळा वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आता सकाळी नगर-मनमाड रस्त्यावर उभे राहा आणि पिवळ्या बस मोजा. त्या बसमध्ये बसलेल्या पोरांचे आईबाप फी भरतात, बसचे पैसे वेगळे भरतात, बूट-टायचे वेगळे भरतात. म्हणजे फुकट मिळणारी वस्तू सोडून गिऱ्हाईक पैसे देऊन दुसरीकडे जातंय. तुम्ही म्हणाल, खासगी शाळेत इंग्रजी असतं म्हणून. असेल. पण त्याच तालुक्यात, त्याच रस्त्याला, जिल्हा परिषदेची एखादी शाळा अशी असते की तिचा पट दरवर्षी वाढतो आणि बाहेरगावची मुलं तिथं येतात. शिक्षकांचे पगार सारखे, पुस्तकं तीच, पोषण आहाराचा तांदूळही तोच. मग फरक कुठं पडतो? शिकवण्यात पडतोच, ते नाकारत नाही. पण शाळेत काय चाललंय हे घराघरात कळण्यात फार मोठा फरक पडतो. चांगलं शिकवणारी पण कुणाला न कळलेली शाळा मी पाहिली आहे. तिथं शेवटी अकरा पोरं उरली होती.

पट म्हणजे शाळेचा गल्ला

आपल्याला गल्ल्याची भाषा कळते, म्हणून तसंच सांगतो. शाळेचा गल्ला म्हणजे पट. दरवर्षी ३० सप्टेंबरला शाळेत किती मुलं आहेत, त्यावर संचमान्यता होते, म्हणजे त्या शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी हिशोब दिला आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. राज्याचे शासन निर्णय त्यात वेळोवेळी फेरफार करतात, पण तत्त्व तेच. म्हणजे एका पोराच्या फरकानं एक अख्खा शिक्षक येतो किंवा जातो. शिक्षक गेला की दोन वर्ग एकत्र बसतात. ते पाहून आणखी चार पालक दाखले काढतात. हे चक्र दुकानात कसं फिरतं ते तुम्हाला ठाऊक आहे: माल कमी, म्हणून गिऱ्हाईक कमी, म्हणून माल आणखी कमी.

पैशाचंही तसंच. समग्र शिक्षातून शाळेला वर्षाला एक संयुक्त अनुदान मिळतं, तेही पटावर. ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. त्यातच खडू, झाडू, दुरुस्ती, स्वच्छता. दहा हजारांत वर्ष काढणारी शाळा जाहिरातीला एक रुपया तरी कुठून काढणार?

आणि खाली गेलं की किती खाली? २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत ही उदाहरणं त्यासाठी पुढे ठेवली होती. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त निघाल्या. समूह शाळा चांगली की वाईट, या वादात आपण पडायला नको. पण ज्या वस्तीवरची शाळा उठते, तिथली सहा वर्षांची पोर रोज तीन-चार किलोमीटर जाणार की घरीच बसणार, हा प्रश्न खरा आहे. म्हणून पालकाला शाळेत काय चाललंय ते नीट कळवणं हे त्या शाळेच्या जगण्या-मरण्याचं काम आहे.

गंमत बघा, एवढं महत्त्वाचं काम, पण त्यासाठी पद नाही. आपल्या राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ घ्या. १९६८ मध्ये सुरू झालं. कृषी विद्यापीठाची तीन कामं ठरलेली असतात: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे काय, तर प्रयोगशाळेत जे सापडलं ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत त्याला समजेल अशा बोलीत पोचवणं. त्यासाठी वेगळी माणसं, वेगळा विभाग. म्हणजे शेतीच्या बाबतीत सरकारनं मान्य केलंय की माहिती आपोआप पोचत नाही, पोचवावी लागते. शाळेच्या बाबतीत हे काम गृहीत धरलंय. कुणीतरी करेल!

अमेरिकेत असं नाही. तिथं सरकारी शाळांच्या बऱ्याच मोठ्या डिस्ट्रिक्टला जनसंपर्काचा पगारी माणूस असतो. बर्फ पडला, शाळा बंद, हा निरोप पहाटे देण्यापासून ते नव्या इमारतीच्या खर्चावर लोक मतदान करणार असतील तर त्यांना हिशोब समजावण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. या लोकांची नॅशनल स्कूल पब्लिक रिलेशन्स असोसिएशन नावाची संघटना १९३५ पासून आहे. ती चांगल्या मोहिमांना गोल्ड मेडॅलियन देते, तरुण मंडळींना '३५ अंडर ३५' म्हणून गौरवते, आणि आयुष्यभर हे काम उत्तम केलेल्या माणसाला प्रेसिडेंट्स अवॉर्ड देते. तिकडे हा एक पेशा मानला जातो.

आपल्याकडे ५ सप्टेंबरला राज्य शिक्षक पुरस्कार असतात. प्राथमिक, माध्यमिक, आदिवासी भागात काम करणारे शिक्षक, आदर्श शिक्षिका, कला-क्रीडा, दिव्यांग शिक्षक, स्काऊट-गाईड असे गट आहेत. पालकांशी उत्तम संवाद ठेवणारा, असा गट नाही. सरकारला नावं ठेवायला मी हे सांगत नाहीये. गट नाही म्हणजे जागा मोकळी आहे. ती तुमच्यासारखा गावातला छोटा धंदेवाला भरू शकतो, आणि खर्च फार येत नाही. पण आधी माझी चूक ऐका.

मी चुकीच्या माणसाचा सत्कार केला होता

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रशिक्षण वर्गाच्या वर्धापनदिनी मी ठरवलं, एका शाळेच्या 'उत्कृष्ट संपर्क' करणाऱ्या माणसाला ट्रॉफी द्यायची. शाळेचं नाव नको. तिथले एक तरुण सर मोबाईलवर छान व्हिडिओ करायचे. कवायत, वृक्षारोपण, बालदिन. पाहणारेही बरेच. आम्ही शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फोटो सगळं केलं. सर बिचारे संकोचले होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरताना एक पालक म्हणाले, "सर चांगलेच आहेत हो. पण आमच्या वस्तीवर निरोप मावशी देतात."

मावशी म्हणजे पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या बाई. मग मी चौकशी केली. व्हिडिओ बघणारे बहुतेक सरांचे मित्र, इतर शाळांचे शिक्षक, पुण्याला गेलेले माजी विद्यार्थी. ज्यांची पोरं त्या शाळेत होती त्यातल्या निम्म्यांकडे साधा फोन, किंवा फोन बापाकडे आणि बाप दिवसभर ट्रॅक्टरवर. शाळेचं खरं कामकाज मावशींच्या तोंडी निरोपावर चाललं होतं. कुणाचं आधार जुळत नाही, कुणाला डॉक्टर तपासणीच्या दिवशी आणायचं, गणवेशाचं माप कधी, सगळं. नंतर ते सर स्वतःच मला म्हणाले, "सर, मी व्हिडिओ करतो. निरोप मावशीच देतात. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी विचारलंच नव्हतं ना! जे दिसलं त्याला बक्षीस दिलं. आता सांगा, तुमच्या धंद्यात हे होत नाही का? काउंटरवर गोड बोलणाऱ्या पोराचं कौतुक, आणि मागे गोदामात बसून प्रत्येक उधारीवाल्याला वेळेवर फोन करणाऱ्याचं नावही नाही.

मग ओळखायचं कसं?

पहिली गोष्ट, शाळेला विचारू नका, पालकांना विचारा. आणि 'संपर्क कोण चांगला ठेवतं' असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळे गुळमुळीत देतात. नेमकं विचारा: "मागच्या वेळी शाळेला अचानक सुट्टी मिळाली तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं? कधी सांगितलं?" पावसाळ्यात हे लगेच कळतं. आपलं मुळा धरण २६ टीएमसीचं. ते भरत आलं आणि नदीत पाणी सोडलं की काठच्या गावांना सावध करतात. अशा दिवशी पोरं शाळेकडे निघण्याआधी निरोप पोचला की पोरं अर्ध्या वाटेवरून भिजून परत आली, यात माणूस कळतो. दहा घरं फिरा. ज्याचं नाव सहा घरांत येईल तो तुमचा माणूस. ते नाव मुख्याध्यापकांचं असेल, शिक्षिकेचं असेल, अंगणवाडी सेविकेचं असेल, शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईचंही असेल. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. कागदावर सह्या करणारी समिती पुष्कळ ठिकाणी असते. पण जिथं एखादी सदस्य बाई खरोखर घरोघर बोलते, तिथला पट बघा.

दुसरी गोष्ट, निरोपाची भाषा. शाळेच्या ग्रुपवर दोन प्रकारचे निरोप येतात. एक असा: "सर्व पालकांना कळविण्यात येते की, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानुसार दि. अमुक रोजी पालक सभा आयोजित करण्यात आली असून सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे." आणि खाली वरिष्ठ कार्यालयाच्या पत्राची पीडीएफ. दुसरा असा: "शनिवारी सकाळी साडेआठला या. दोन गोष्टी ठरवायच्यात, गणवेशाचं माप आणि पाण्याची टाकी. नऊ वाजता सोडतो, म्हणजे कामावर जाता येईल."

दुसरा निरोप लिहिणाऱ्यानं काय केलं बघा. वेळ सांगितली, विषय सांगितला, आणि किती वेळ जाणार तेही सांगितलं. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा अर्धा दिवस बुडाला तर तिचे पैसे जातात, हे त्याच्या ध्यानात आहे. तुमच्या दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज काढून बघा. "आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यात आनंद होत आहे की" असं सुरू होतो का? तो आजच बदला. भाव लिहा, वेळ लिहा, माल किती शिल्लक आहे ते लिहा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. ज्याच्यापर्यंत पोचणं अवघड आहे त्याच्यापर्यंत कोण जातं? आपला भाग उसाचा. दिवाळी झाली की ऊसतोड मजूर टोळ्यांनी येतात, बीडकडून, पाथर्डीकडून. कारखान्याच्या आसपास, फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्यांच्याबरोबर पोरं असतात. ती आपल्या शाळेच्या पटावर नसतात, त्यांचे आईबाप कुठल्याच ग्रुपवर नसतात, आणि पहाटे अंधारात फडात गेलेले असतात. त्यांना निरोप द्यायचा तर संध्याकाळी, गाडी खाली करून आल्यावर, कोपीवर जावं लागतं. आणि आधी मुकादमाशी बोलावं लागतं, कारण त्याच्या होकाराशिवाय टोळीतली बाई पोराला शाळेत धाडायला धजावत नाही. हे ज्या गुरुजींना कळलं त्यांना मी पोचलेला सेल्समन म्हणेन, आणि हा शब्द मी आदरानं वापरतोय. निर्णय कोण घेतो, तो कधी मोकळा असतो, आणि त्याच्या मनातली भीती काय आहे, या तीन गोष्टी त्यांनी हेरल्या. मोठ्या कंपन्या यासाठी सर्व्हे करतात.

वाईट बातमी कशी सांगतात, हेही बघावं. पोरगं पडलं, डोक्याला लागलं. चांगला माणूस पालकाला स्वतः फोन करतो, पोरगं घरी पोचायच्या आधी. काय झालं, काय उपचार केला, आत्ता कसं आहे, या क्रमानं सांगतो. वाईट माणूस फोन उचलत नाही. यावर जास्त लिहीत नाही, धंद्यात माल खराब निघाला की आपण काय करतो ते प्रत्येकाला माहीत आहे.

परितेवाडी आणि जालिंदरनगर

तुम्ही म्हणाल, गावात ठीक आहे, पण याला बाहेर कोण विचारतं? विचारलंय की!

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला माहीत असतील. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं, १० लाख डॉलरचं. १४० देशांतून १२ हजारांहून जास्त नावं आली होती. बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आपण सगळे त्यांना क्यूआर कोडवाले गुरुजी म्हणून ओळखतो. पुस्तकाच्या पानावर कोड, तो स्कॅन केला की कविता ऐकायला मिळते, धडा बघायला मिळतो. पुढे राज्यानं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले.

पण त्याआधीची गोष्ट लोक विसरतात. त्या वाडीतल्या मुलांची घरची बोली कानडी होती आणि पुस्तकं त्या बोलीत नव्हती. गुरुजी आधी कानडी शिकले. मग मुलांना कळेल अशा भाषेत साहित्य केलं. कोड त्यानंतर आला. आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं, सर, क्यूआर कोड लावू का, वेबसाईट काढू का, रील करू का. मी विचारतो, तुमच्या गिऱ्हाईकाची कानडी तुम्ही शिकलात का? म्हणजे तो घरी ज्या शब्दांत तुमच्या मालाबद्दल बोलतो, ते शब्द तुम्हाला माहीत आहेत का? पोरं गोंधळतात. गोंधळू द्या.

दुसरं उदाहरण जवळचं आहे, पुणे जिल्ह्यातलं. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडायच्या बेताला आली होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथं आले. हे आधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेत होते, तीही गाजलेली शाळा. जालिंदरनगरची शाळा गावाला बरोबर घेऊन उभी राहिली, आणि २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पारितोषिकांत तिला कम्युनिटी चॉइस पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार लोकांच्या मतांवर ठरतो. माझं मत विचाराल तर या कामात संवाद म्हणजे भाषण नव्हे. गावकऱ्याला 'ही शाळा माझी आहे' असं वाटेल इतकं काम त्याच्या हाती देणं, हा संवाद. वाबळेवाडीत तर लोकांनी शाळेसाठी जमीन दिली. गुंठ्याला काय भाव चालू आहे ते तुम्हाला माहीत आहे, त्यावरून समजा.

आता सत्कार

माणूस सापडला. आता घाई करू नका.

शिक्षक सरकारी सेवेत असतात आणि वर्तणूक नियमांत सत्कार आणि भेटवस्तू दोन्हींवर बंधनं आहेत. म्हणून आधी मुख्याध्यापकांशी बोला, त्यांच्यामार्फत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, लेखी परवानगी घ्या. रोख रक्कम देऊ नका. मिक्सर, घड्याळ, मोबाईल असलंही काही नको. तुमचं प्रेम असेल, पण उद्या चौकशीत उत्तर त्यांना द्यावं लागतं. द्यायचंच असेल तर शाळेला द्या आणि पावती घ्या.

ट्रॉफीवर पैसे घालू नका, हे माझं स्पष्ट मत. प्रत्येक शिक्षकाच्या घरी अशा ट्रॉफ्या कपाटावर धूळ खात असतात. पैसे घाला मानपत्रावर, आणि मेहनत घाला त्यातल्या शब्दांवर. बाजारात तयार मिळणारं मानपत्र असं असतं: "आपण शैक्षणिक व सामाजिक क्षेत्रात केलेल्या उल्लेखनीय कार्याबद्दल." यात नाव बदला, कुणालाही चालतं. तुम्ही असं लिहा: "यंदा गळीत हंगामात आपण कोप्यांवर संध्याकाळी जाऊन टोळीतल्या सात मुलांना शाळेत आणलं. त्यातली चार हंगाम संपेपर्यंत रोज आली." आकडा खरा पाहिजे. हजेरीपटावरून घ्या, अंदाजानं नको. सात असतील तर सातच लिहा, पंधरा करू नका. खोटा मोठा आकडा वाचला की ज्याचा सत्कार तोच खाली मान घालतो.

मानपत्र वाचायला आमदार-खासदार नको. पालकाला वाचायला द्या. वाचता येत नसेल तर त्याला दोन वाक्यं बोलू द्या. आणि कार्यक्रम शाळेतच घ्या, हॉटेलात नको.

बॅनरवर तुमच्या दुकानाचं नाव किती मोठं असावं? हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो, आणि तो खोटा साधेपणा दाखवून टाळू नये. तुम्ही खर्च करताय, नाव येऊ द्या. पण खालच्या ओळीत, आणि ज्याचा सत्कार त्याच्या नावापेक्षा लहान. पोरांचे चेहरे तुमच्या जाहिरातीत वापरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, आणि कायदा नसता तरी ते बरं नाही. पाठमोरा फोटो घ्या, हाताचा घ्या, वहीचा घ्या.

तारीख कोणती? शिक्षक दिनाला सगळे करतात, त्या गर्दीत तुमचा कार्यक्रम हरवतो. ३० सप्टेंबरनंतरचा एखादा शनिवार धरा. पट ठरलेला असतो, आकडे हातात असतात. किंवा गुढीपाडव्याच्या आसपास, कारण तेव्हाच शाळा पहिलीच्या प्रवेशाला लागलेल्या असतात. त्यावेळी केलेल्या सत्काराची गावात चर्चा होते आणि तिचा शाळेला उपयोग होतो.

यातून धंदा मिळतो का? थेट विचारलंत म्हणून थेट सांगतो. तुम्ही फ्लेक्स, छपाई, भिंतीवरची चित्रं, व्हिडिओ असलं काम करत असाल तर शाळांकडून कामं येतात. पण वर सांगितलेले अनुदानाचे आकडे लक्षात ठेवा, दरपत्रकं द्यावी लागतील, समितीत ठराव होईल, पैसे खात्यावर यायला वेळ लागेल. उधारीवर जगणाऱ्यानं एकट्या शाळांवर धंदा उभा करू नये. माझ्या एका विद्यार्थ्यानं शाळेची भिंत मनापासून रंगवली आणि त्यातून त्याला गावातल्या पाच घरांची रंगकामं मिळाली. असं होतं, पण ते ठरवून होत नाही.

त्या चुकलेल्या सत्काराचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी आम्ही शाळेत जाऊन मावशींना मानपत्र दिलं. ते त्या तरुण सरांनीच लिहून दिलं होतं आणि एका आईनं वाचलं. कोणत्या वस्तीवरच्या कोणत्या पोराला त्यांनी परत आणलं, ते नावागावासह. मी मावशींना विचारलं, हे सगळं लक्षात कसं राहतं तुमच्या? कुणी शिकवलं?

त्या म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? पोरामागं शंभर ग्रॅम तांदूळ धरून शिजवायचा असतो. एखादं नाही आलं की तेवढा भात उरतो. मग जाता जाता त्याच्या घरी विचारायचं, का नाही धाडलं म्हणून. गेलं की दोन गोष्टी सांगायच्या, दोन ऐकायच्या."